केसरीनाथची हलकी गाडी

समजा, तुम्हाला एका जुन्या मोटारीचं दार काढायचं आहे. गाडी विलायती, एमजी, १९५२ सालची, दोनच सीटांची. लांब बॉनेट, वर छप्पर नाही, दारं जेमतेम कमरेएवढी. तुम्ही बिजागरीच्या स्क्रूवर पेचकस टेकवता आणि सगळा जोर लावता, कारण एवढ्या वर्षांचा गंज काही सुखासुखी सोडणार नाही. पण स्क्रू लगेच फिरतो. फिरतो, फिरतच राहतो, बाहेर मात्र येत नाही. मग तुम्ही दार हाताने जरासं ओढून बघता, आणि दार, बिजागरी, सगळे स्क्रू आणि मूठभर तपकिरी भुसा असं एकदम तुमच्या मांडीवर येतं. तेव्हा तुम्हाला कळतं की पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा होता, आणि तो वाळवीने केव्हाच संपवला आहे. गाडी आजवर उभी होती ती निव्वळ सवयीने. आता तुम्ही काय कराल?

केसरीनाथ हसला. दार मांडीवर तसंच ठेवून त्याने बायकोला हाक मारली, "कमळे, बाहेर ये. ही तर आपल्या घरासारखी निघाली. वरून पत्रा, आतून कूड."

कमळा ओटीवरूनच म्हणाली, "मग दुरुस्त कोन करनार? घराचा कूड अजून तसाच हाय."

केसरीनाथ भिवंडीजवळच्या पूर्ण्याचा. भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात फिटर होता, आजही आहे. किडकिडीत अंग, पँटच्या दोन्ही खिशांत लोखंडी पाने, त्यामुळे पँट नेहमी खाली घसरलेली. माझे वडील त्याच शेडमध्ये लूम चालवायचे, म्हणून माझी त्याची ओळख. मी डिप्लोमा करून ठाण्याच्या एका कारखान्यात लागलो होतो आणि मोटारीचं इंजिन पुस्तकात पाहिलं होतं तेवढंच. त्यामुळे त्याने "इंजिनेर, शुक्रवारी पूर्ण्याला ये, एक गंमत दाखवतो" असं म्हटल्यावर मी रजा टाकूनच गेलो. भिवंडीचे लूम शुक्रवारी बंद असतात. पुढची दीड-दोन वर्षं माझ्या रजा त्या गाडीखाली गेल्या.

गाडी आली ती कारखान्याच्या मालकाच्या, शेठच्या, सुताच्या गोदामातून. शेठच्या थोरल्या भावाने ती हौसेने मुंबईहून आणली होती. हौस फिटल्यावर तिच्यावर पोती चढत गेली. चौऱ्याहत्तर साली शेठला गोदामाच्या जागी नवे लूम बसवायचे होते. तो केसरीनाथला म्हणाला, "केसरी, ये डब्बा यहाँ से उठा."

"इंजिन जाम है, शेठ."

"तो बैल जोत. तेरे बाप के पास हैं ना?"

शेठ गंमत करत होता. केसरीनाथने ते खरं धरलं. दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील लडकूबाबा आपली बैलजोडी घेऊन गोदामापुढे हजर झाले.

लडकूबाबा म्हणजे सहा फूट उंच म्हातारा, पांढऱ्या मिशा, एक पाय किंचित ओढत चालणारा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर बोटाने टकटक केली आणि दोर बांधला. पुढे बैल, त्यांच्या बाजूने म्हातारा, मागे दोराला एमजी, आणि एमजीत स्टिअरिंग धरून केसरीनाथ, अशी ती मिरवणूक नारपोलीतून निघाली. चहाच्या हॉटेलातून कोणीतरी ओरडलं, "लडकूबाबा, नवी गारी घेतली क?"

"गारी न्हाय, वझं हाय," म्हातारा मान न वळवता बोलला.

घरी पोचल्यावर त्याने बैल सोडले, त्यांच्या माना पुसल्या आणि मुलाला सांगितलं, "पैली शर्यत बैलांनी जिंकली. ध्यानात ठेव."

हे 'शर्यत' प्रकरण समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लडकूबाबा तरुणपणी छकडा पळवायचा. छकडा म्हणजे शर्यतीची बैलगाडी, इतकी हलकी की दोन माणसं ती खांद्यावर घेऊन बांध ओलांडतील. दापोड्याच्या माळावर शर्यत असली की काल्हेरपासून मानकोलीपर्यंतची माणसं यायची. लडकूबाबाच्या हातात कधी चाबूक नसे, पराणी नसे. शेवटचा टप्पा आला की तो छकड्याच्या लाकडावर तळहाताने थाप मारायचा. बैलांना तो आवाज माहीत होता. तेवढ्यावर ते सुटायचे.

लहानगा केसरीनाथ दर शर्यतीला विचारायचा, "बाबा, मना बसव."

"वजन वाढतं," बाबा म्हणायचा.

शर्यत नसली, नुसता बैलांना फिरवायला छकडा काढला, तरी हेच उत्तर. छकड्यावर जागा एकाचीच. मग एका वर्षी छकडा उलटला, बाबाचा पाय अधू झाला, शर्यती संपल्या. पुढे घरचे बैल फक्त नांगराला. छकडा पडवीच्या आढ्याला उलटा बांधून ठेवला. त्याच्याखाली बसून केसरीनाथ मोठा झाला, पण त्यात कधी बसला नाही.

लोक त्याला विचारायचे, दोन सीटांच्या गाडीत संसार कुठे बसवणार? फियाट का नाही बघत एखादी? तो हसून वेळ मारून न्यायचा. मला मात्र त्याने एकदा सांगितलं. तो गाडीखाली उताणा होता, फक्त पाय बाहेर दिसत होते. बहुतेक म्हणूनच सांगू शकला.

"इंजिनेर, मना बाबाला बाजूला बसवायचाय. एकदाच. आनि त्यानी बोललं पायजे, 'पलते.' बस."

"पळते म्हणतील की."

"तू वलखत न्हायस त्याला. पाना दे, बाराचा."

खरंच ओळखत नव्हतो. त्याच आठवड्यात गाडीच्या सीटवर कोंबडी अंडी घालायला बसलेली बघून लडकूबाबाने जाहीर केलं होतं, "त्या खुराड्यात मी बसनार न्हाय. फेटा बांधून कोंबडीशेजारी बसू क?"

काम ओटीपुढच्या मांडवात चाले. इंजिन जाम होतं, त्यात रॉकेल आणि लूमचं तेल घालून ठेवलं. दर शुक्रवारी केसरीनाथ हँडल लावून नुसता अंदाज घ्यायचा. पावसाळ्यात कधीतरी ते कुरकुरत फिरलं, तेव्हा त्याने कमळाला शिरा करायला लावला. कार्बुरेटर दोन असायला हवे होते, एकही धड नव्हता. फियाटचा एकच बसवायचा ठरला. त्यासाठी इंजिनला जोडणारा नळीचा तुकडा मी कागदावर काढला आणि लूमच्या गिअरी ओतणाऱ्या कारखान्यात ओतून घेतला. तो पहिल्याच फटक्यात बसला. मी इतका फुगलो की लडकूबाबाने विचारलं, "ह्याला काय झालं? लगीन ठरलं क?"

लाकडाचा सांगाडा जुन्या हातमागांतून निघाला. भिवंडीत तेव्हा हातमाग मोडून लोक सरपणाला देत होते. चांगला मुरलेला साग. केसरीनाथने एकेक तुकडा किडलेल्या तुकड्याशी ताडून कापला. सीटखाली स्प्रिंगांऐवजी लूमचे चामडी पट्टे विणले. टपासाठी कमळाने कोऱ्या कापडाच्या तीन घड्या एकत्र शिवल्या आणि शिवताना सांगितलं की या कापडात तिच्या दोन साड्यांचे परकर झाले असते. फक्त डाव्या दाराच्या खांबाला साग पुरला नाही. तिथे केसरीनाथने वखारीतलं नवं लाकूड घातलं. मी म्हणालो, "थोडं ओलं वाटतं." तो म्हणाला, "वालंल."

आणि मग सुरू झालं वजन काढणं. ही त्याची खरी कारागिरी, आणि खरं वेडही. पुढचा बंपर काढला, मागचा काढला. जाड पट्ट्यांना भोकं पाडली. बाजूच्या पायऱ्या काढल्या. लाकडी फळी जिथे शक्य तिथे तासली. काढलेली वस्तू तो हातात घेऊन तोलायचा आणि ओटीकडे बघायचा. लडकूबाबा तिथे बाजेवर बसून, आपण बघत नाही असं दाखवत सगळं बघत असायचा. एका शुक्रवारी त्याच्याने राहवलं नाही.

"ह्यो काय?" त्याने जमिनीवर पडलेल्या हॉर्नकडे बोट दाखवलं.

"भोंगा. काढला."

"कशाला रं?"

"तूच बोलायचास न, जे काढून गारी थांबत न्हाय ते काढायचं."

म्हाताऱ्याने वाकून भोंगा उचलला, हातात तोलून बघितला. मग म्हणाला, "भोंगा ठेव. तुला कोन वलखतो रस्त्यात? मना वलखायचे."

केसरीनाथने भोंगा परत बसवला. दिवसभर शीळ घालत होता.

भात कापून झालं, शेतं कोरडी पडली, तेव्हा गाडी चालवून बघायचा दिवस आला. त्या दिवशी मोरूही आला होता. मोरू केसरीनाथच्या शेडमधला ऑइलमन. त्याचं कामच ते. हातात लांब चोचीचं तेलाचं भांडं घेऊन शिफ्टभर लूममधून फिरायचं, आणि जिथे किरकिर ऐकू येईल तिथे चोच लावायची. भला माणूस. मित्राच्या गाडीसाठी काही करता यावं म्हणून भांडं घरून घेऊन आला होता.

आम्ही गाडी ढकलून मांडवाबाहेर काढली. ब्रेक नवे जुळवलेले, त्यामुळे चाकं किरकिरत होती. मग कमळाने जेवायला हाक मारली. आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन आलो, तर मोरू गाडीपाशी समाधानाने बिडी ओढत बसलेला.

"आता ढकलून बघ," तो म्हणाला. "आवाज गेला."

आवाज खरंच गेला होता. आम्हाला आनंद झाला. का गेला, हे ना मी विचारलं ना केसरीनाथने. या सेवेबद्दल मोरूला शेजारच्या सीटवर बसायचा मान मिळाला.

लडकूबाबा बाजेवरून उठून खळ्याच्या बांधावर जाऊन बसला होता. "मी आपला कोंबड्या हाकलाय आलोय," त्याने कोणी विचारायच्या आधीच सांगितलं.

इंजिन लागलं. गाडी मांडवापासून निघाली आणि शेताच्या कडेच्या बैलवाटेवर लागली. ती पळताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. एखादं वासरू दावं सोडल्यावर धावतं तशी ती चालली होती, मागचं अंग जरा उडवत. पोरं मागे धावली. केसरीनाथ वाटेच्या टोकाला वळला, परत आला, आणि खळ्यापाशी, बरोबर बापासमोर, गाडी थांबवायची म्हणून त्याने ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही. त्याने हँडब्रेक ओढला. तोही तसाच. मोरूने दोन्ही हात डोक्यावर घेतले. गाडी लडकूबाबाच्या समोरून, त्याच्या मिशा हलतील एवढ्या अंतरावरून गेली, बांधावरून उडी मारून खळ्यात उतरली आणि भाताच्या उडवीत शिरली. वरच्या पेंढ्या एकेक करून दोघांवर कोसळल्या. मग सगळं शांत.

आम्ही धावलो. आधी मोरू निघाला, केसांत गवत, तोंडात गवत. मागून केसरीनाथ. दोघांना खरचटलंही नव्हतं.

"ब्रेक न्हाय लागला," केसरीनाथ म्हणाला. त्याने वाकून चाकामागे हात घातला आणि बोटं बाहेर काढून बघितली. तेल ठिबकत होतं. ब्रेक जुळवायला ड्रमला भोक असतं, त्यातून आत लांब चोच आरामात जाते. त्याने मोरूकडे बघितलं.

"चारी चाकांना बरोबर घातलंय," मोरू म्हणाला. "एक पन सोडलं न्हाय."

"मोरू, ब्रेकला तेल घालत न्हाईत."

"किरकिरत होता न पन."

"तो किरकिरतो म्हनून गारी थांबते."

मोरूने यावर खूप विचार केला. "मग आमच्या शेडमदी असा एक पन लूम न्हाय," तो शेवटी म्हणाला.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला. लडकूबाबा हसत होता. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता परत हसू आलं, त्याने फेटा काढून डोळे पुसले. "केसरी," तो म्हणाला, "वजन काढता काढता ब्रेकबी काढलास क रं?"

सगळे हसले. कमळा हसली, मी हसलो. केसरीनाथ हसला नाही. गाडीचा डावा दिवा वाकला होता, आणि डाव्या दाराचा खांब, तो वखारीतल्या लाकडाचा, मधोमध मोडून दार खळ्यात पडलं होतं. तो दारापाशी बसून राहिला. मला हळूच म्हणाला, "झालं. आता काय बाबा बसतोय."

लडकूबाबा पाय ओढत खाली आला. त्याने मोडलेला खांब उचलला, नाकाशी नेला.

"वला हाय," तो म्हणाला. "कोनी घातला?"

"मीच."

"सरपनाला पन न्हाय चालायचा." त्याने तो टाकून दिला आणि कोंबड्या हाकलत निघून गेला. कमळाने मोरूला संध्याकाळपर्यंत उडवी परत रचायला लावली.

पुढच्या शुक्रवारी मी जरा घाबरतच गेलो. वाटलं, गाडी पुन्हा पोत्यांखाली गेली असेल. पडवीत शिरलो आणि आधी कळेना, काय चुकतंय. मग वर बघितलं. आढं रिकामं होतं.

छकडा अंगणात होता. म्हणजे त्याची चाकं भिंतीला टेकवलेली होती आणि एक बाजूचं लाकूड लडकूबाबाच्या पुढ्यात आडवं होतं. म्हातारा वाकसाने ते तासत होता. केसरीनाथ दुसरं टोक धरून उकिडवा बसला होता. मला बघून लडकूबाबा म्हणाला, "इंजिनेर, बगतोस काय. तो मोडका खांब आन, माप बगाय."

मी आणला. शेवटी केसरीनाथच्या तोंडून निघालं, "बाबा, छकडा मोडलास."

"मोडला न्हाय. गारीला गारी लावली."

"पन तुजा छकडा..."

"वर टांगून काय पलत होता?" त्याने वाकस थांबवला, लाकडावरून हात फिरवला. "शिवन हाय ही, सगल्या लाकडांत हलकी. वलन न्हाय, वाक न्हाय. हिचं वजन वाढत न्हाय."

केसरीनाथने मान खाली घातली आणि लाकडाचं टोक आणखी घट्ट धरलं. डावा खांब आणि डाव्या दाराची वरची पट्टी, दोन्ही त्या लाकडाची झाली. शेजारी बसणाऱ्याचा हात जिथे टेकतो, ती पट्टी. म्हाताऱ्याने ती तेल चोळून गुळगुळीत केली. ते तेल कुठे लावायचं ते मात्र त्याने मोरूला लांबूनच दाखवलं. ब्रेकची लायनिंग केसरीनाथने नवी मारली आणि मोरूकडून भांडं काढून घेऊन कमळाच्या ताब्यात दिलं.

गाडी परत उभी राहिली तरी बाबाला 'बस' म्हणायची केसरीनाथची हिंमत होईना. नवा दिवा बसवला, टप चढवला, उतरवला, पुसलेलं परत पुसलं. एका शुक्रवारी सकाळी आम्ही असेच पुसत असताना लडकूबाबा ओटीवरून उतरला. गुलाबी फेटा, काळा कोट, पायात वहाणा.

"बाबा, कुठं चाललास?"

"दापोड्याच्या माळावर. हवा बगाय."

"चालत?"

"मग काय? तुजी गारी काय नुसती पुसायची हाय?"

कमळाने चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. "हलू चालवा," तिने नवऱ्याला सांगितलं. सासऱ्याकडे बघून मग तिने बोलणं बदललं, "म्हंजे, बाबांना बरं वाटेल तसं चालवा." लडकूबाबाने डावं दार उघडलं, लंगडा पाय हाताने उचलून आत घेतला, बसला, आणि दार लावून त्याच्या पट्टीवर हात टेकवला. सीट दोनच. मी, कमळा आणि मोरू, आम्ही तिघं मांडवात उभे राहिलो आणि गाडी रस्त्याला लागून दिसेनाशी झाली.

परत आली ती बऱ्याच वेळाने. लडकूबाबा उतरला, फेटा सारखा केला, गाडीभोवती एक चक्कर मारली, अगदी गोदामापुढे मारली होती तशी. बॉनेटवर बोटाने टकटक केली.

"पलते," तो म्हणाला. आणि पाणी प्यायला आत गेला.

मला वाटलं, झालं. केसरीनाथला हवं होतं ते मिळालं. पण तो स्टिअरिंग धरून तसाच बसला होता, चेहरा गोंधळलेला.

झालं होतं असं. माळावरच्या सरळ वाटेवर त्याने वेग वाढवला. बाबा समोर बघत होता. आणखी वाढवला. तेवढ्यात बाबाने दाराच्या पट्टीवर तळहाताने थाप मारली. मग दुसरी, जोरात. केसरीनाथच्या डोळ्यांपुढे उडवी आली, मोरू आला, आणि त्याने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. बाबाने त्याच्याकडे बघितलं, पुढे बघितलं, आणि परत फिरायची खूण केली.

"मना वाटलं, भ्याला," केसरीनाथ म्हणाला. "पन मग परत येताना आठवलं. शर्यतीत शेवटाला तो अशीच थाप मारायचा. त्याच लाकडावर."

मोरूचं मत पडलं की म्हातारा घाबरला असणार, कारण स्वतः मोरू घाबरला होता. कमळा म्हणाली, बाबा कशाला घाबरतील, त्यांना अजून पळवायची होती, आणि तुम्ही ऐन वेळेला बैल आवरलेत. शेवटी आम्ही म्हाताऱ्यालाच विचारलं.

"थाप?" लडकूबाबा तांब्या खाली ठेवत म्हणाला. "माशी बसली होती दारावर."

त्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. लडकूबाबा अजून दर शुक्रवारी फेटा बांधून गाडीत बसतो, पूर्ण्यापासून काल्हेरपर्यंत भोंगा वाजवायला लावतो. हात त्या पट्टीवर असतो, पण परत त्याने थाप मारलेली नाही. केसरीनाथ माळावर वेग वाढवतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या हाताकडे बघतो, वाट बघतो. हात हलत नाही. घरी आल्यावर आडून आडून विचारलं, तर दर वेळी माशीच.

परवा मी गेलो तेव्हा केसरीनाथ गाडीखाली उताणा होता, फक्त पाय बाहेर. थोडा वेळ नुसता पान्याचा आवाज येत होता. मग खालूनच त्याने विचारलं, "इंजिनेर, तू शिकलेला मानूस. तूच सांग. त्या दिवशी मी ब्रेक मारला नसता, तर बाबानी तिसरी थाप मारली असती क, बैलांना मारायचा तशी?"